दांडीवरचं वजन

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, सुकेळीची खिंड उतरून खांब गाव यायच्या आधी. वेळ पक्की सांगते, कारण मी तिच्या शेजारच्या सीटवर होते आणि डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे बघत होते. समोर बघायची हिंमत नव्हती.

त्यानंतर आठ दिवस तिच्यावर रोज अन्याय होत राहिला. त्यातला एक मी केला. तोही सांगणार आहे, सोडणार नाही.

वहिनीकडे एक कॅरव्हॅन आहे. म्हणजे चाकांवरची खोली. दोन बिछाने, एक ओटा, मोरीएवढं बाथरूम, मागे पाण्याची टाकी आणि पुढे लोखंडी दांडी. तिला इंजिन नसतं. दांडी जीपच्या मागच्या गोळ्यावर बसवायची आणि ओढत न्यायची. माझा दादा आखातात कंपनीत आहे, वर्षातून एकदा येतो. ही जुनी कॅरव्हॅन वहिनीनं स्वतः शोधली, स्वतः रंगवली, आतले पडदेसुद्धा स्वतः शिवले. रोह्याला कुंडलिका नदीच्या काठी एकाची वाडी आहे, तिथे शनिवार-रविवारी शहरातली माणसं राहायला येतात. तिथे कॅरव्हॅन उभी करायची, राहायची सोय तिची आणि जेवण वहिनीच्या हातचं, असं ठरलं होतं.

ओढायला घरची जीप. ती आखूड आहे, तीन दारांची. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर कमी, म्हणून आम्ही तिला बुटकी म्हणतो. पेणच्या बाजारातल्या गल्लीत ती एका दमात वळते, त्याचं आम्हाला कौतुक. पण जी गाडी अशी झटकन वळते, ती मागून कोणी ढकललं तरी तशीच झटकन वळते. लांब गाडी हिसका पचवते, आखूड गाडीला तो पचत नाही. हे वहिनीला माहीत होतं. कॅरव्हॅन विकणाऱ्याकडे ती दोन दिवस जाऊन शिकून आली होती. घरात बाकी कुणाला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

सामान भरलं बाबांनी. बाबा म्हणजे माझे वडील, तिचे सासरे. त्यांनी तरुणपणी बैलगाडी हाकली आहे, धरमतरच्या बाजूनं मीठ वाहिलं आहे. गाडी भरावी तर त्यांनीच, असं ते स्वतः सांगतात आणि ते खरंही आहे. त्यांचा नियम एकच: जू बोटावर उचलता आलं पाहिजे. वजन पुढे पडलं की ते बैलाच्या मानेवर येतं आणि मान सुजते. म्हणून माल मागे सरकवत जायचं, गाडी उलाळ व्हायच्या, म्हणजे मागे कलून जू वर उचललं जायच्या, जरासं आधी थांबायचं. मुक्या जनावराच्या दयेतून आलेला नियम आहे. माझा त्याच्यावर राग नाही.

पण जीपला मान नसते!

टाकी त्यांनी काठोकाठ भरली. जनरेटर मागच्या बिछान्याखाली सारला. तांदळाची दोन पोती त्याला टेकून ठेवली. पुढच्या बाजूला काय, तर पापडांचे डबे. मग एका हातानं दांडी उचलून दाखवली.

"बघ गो, फुलासारखी! जीपला कळायचं पन नाय मागं काय हाय."

"बाबा, दांडीवर वजन पायजे," वहिनी म्हणाली. "सगळ्या वजनाचा दहावा हिस्सा तरी. जड सामान खाली, चाकांच्या जरा पुढं. नायतर शेपूट हालेल."

"कुणाचं शेपूट?"

"हिचं. आन् हिचं हाललं का बुटकीचं पन हालेल."

"आता तू मला गाडी भराया शिकवणार? तुझ्या बापानं उभा जन्म रिक्षा चालवली. त्यानं जू बघितलं तरी व्हतं काय?"

"नाय बघितलं. पन त्यांची रिक्षा सरळ जायची."

मी हसले. बाबा हसले नाहीत. सामान होतं तिथेच राहिलं.

वडखळ सोडून पुढे आलो आणि कासूच्या फाट्यावर वहिनीनं गाडी बाजूला घेतली. खाली उतरली, मागे गेली, परत आली. म्हणाली, "बुटकीची मागची चाकं हलकी लागतात. कोनतरी मागून उचलून धरल्यासारखं. टाकी खाली करूया आन् पोती पुढं घेऊया. दहा मिनिटं लागतील."

"पानी ओतून द्यायचं?" बाबा मागच्या सीटवरून उतरलेसुद्धा नाहीत. "मी हंड्यानं भरलंय ते."

टपरीवरच्या चहावाल्यानं मान वर केली. "काय झालं काका?"

"काय नाय. सून घाबरली."

आणि मी काय केलं? मी, जी सभांमध्ये बायकांच्या शब्दाला किंमत द्या म्हणून घसा बसेपर्यंत बोलते, मी म्हणाले, "वहिनी, चल ना. वाडीवाला अकराला वाट बघतोय." तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि गाडी सुरू केली. 'तेव्हा चालवायला बसले ही माझी चूक,' असं ती आजही म्हणते. मी म्हणत नाही. सासरा, नणंद आणि चहावाला मिळून एका बाईला जेवढं ढकलू शकतात, तेवढं आम्ही ढकललं होतं.

ती पन्नासच्या वर जात नव्हती. खिंडीच्या उतारावर मागच्या वजनानं रेटा दिला आणि काटा साठीला गेला. शेजारून एक ट्रक सुसाट निघून गेला, त्याच्या वाऱ्यानं कॅरव्हॅन डावीकडे झुकली. मग उजवीकडे. मग डावीकडे, आधीपेक्षा जास्त. प्रत्येक झोक्याला बुटकीचं बूड ती सोबत घेऊन जायची आणि आमचं तोंड उलट्या बाजूला फिरायचं.

"ब्रेक मार! ब्रेक!" बाबा मागून ओरडत होते. मी स्टेअरिंगला हात घातला.

"हात काढ," वहिनी म्हणाली. ओरडली नाही.

तिनं ब्रेक दाबला नाही. अशा वेळी जीपचा ब्रेक दाबला की जीप थांबते आणि मागची खोली तिला आडवी ढकलून देते. तिनं फक्त पाय उचलला, स्टेअरिंग सरळ धरलं आणि धरूनच ठेवलं. झोके लहान होत गेले. शेवटच्या झोक्यात कॅरव्हॅनचं डावं चाक काँक्रीटवरून उतरून गटारात गेलं आणि बुटकी तिरकी होऊन थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

माणसं जमली. पहिला प्रश्न कुणाला लागलं का, हा नव्हता. पहिला प्रश्न होता, "बाई चालवत व्हती काय?"

आणि बाबा म्हणाले, "व्हय. सून."

खोटं काही नव्हतं त्यात. दोन शब्द, दोन्ही खरे. भरली कुणी, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत आळीभर झालं की वहिनीनं गाडी गटारात घातली. वाडीवाल्याचा फोन आला: "ताई, कॅरव्हॅन आणा हो, पण ड्रायव्हर पुरुष बघा. पुढच्या शनिवारी नाही जमलं तर ती जागा मी तंबूवाल्याला देतो." बाबांनी जीपची किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. "दादा आला का बघू." दादा दिवाळीला येणार. म्हणजे काम संपलं, सुरू व्हायच्या आधीच.

आता माझा अन्याय. मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहिते. महामार्गावर इतकी लिहिली आहेत की 'खड्डा' हा शब्द बोटं आपोआप टाइप करतात. मी पत्रक काढलं: महामार्गानं चिरडलं आणखी एका भगिनीचं स्वप्न. छापून गठ्ठा घरी आणला, मोठ्या अभिमानानं. वहिनी ओट्याशी मोड आलेले वाल सोलत होती. तिनं वाल सोलता सोलता वाचलं.

"खड्डा कुठं व्हता गो?"

"कुठला?"

"तू लिवलास तो. तिथं काँक्रीट व्हतं. गुळगुळीत."

"अगं, पण रस्ता एकंदरीत..."

"एकंदरीत रस्त्यावर मी नव्हते. मी त्या तुकड्यावर व्हते." तिनं कागद उलटा करून त्यावर सालं टाकायला सुरुवात केली. "लोक म्हनतात बाईचा हात. तू म्हनतेस खड्डा. मला कोन विचारनार हाय का नाय?"

मी गठ्ठा ओट्याखाली सारला. पत्रकात उत्तरं भरपूर होती.

गुरुवारी सकाळी तिनं पोती मोजायचा काटा अंगणात आणला. गटारातून काढून आणलेली कॅरव्हॅन तिथेच उभी होती. सामान तिनं बाबांनी भरलं होतं तस्संच पुन्हा भरलं, टाकीसुद्धा काठोकाठ. बाबांना हाक मारली. दांडी काट्यावर टेकवली. काट्यानं दाखवलं अकरा किलो. मग आम्ही दोघींनी टाकी रिकामी केली, पोती आणि जनरेटर चाकांच्या जरा पुढे आणले. काटा ऐंशीच्या वर गेला.

बाबा वाकून बघत राहिले. "एवढं? एवढ्यानं बैल मरंल."

"बैल नायत बाबा. जीपच्या बुडावर वजन पडलं तरच तिची मागची चाकं रस्ता धरतात. तुमी भरलेली गाडी उलाळच व्हायला बघत व्हती."

हा शब्द त्यांचा होता. तो त्यांना कळला, हे चेहऱ्यावर दिसलं. मला वाटलं, आता म्हणतील. आता तरी म्हणतील.

म्हणाले काय, तर "मंग तसं आधी सांगायचं ना!"

"कासूला सांगितलं."

"तवा मी घाईत व्हतो."

ते मागच्या सीटवर बसलेले होते हो! कसली घाई? मी तोंड उघडलं, तर वहिनीनं मला डोळ्यांनी गप्प केलं आणि हात पुढे केला. बाबांनी खिशातून किल्ली काढून दिली. "हळू जा," एवढंच म्हणाले. शेजाऱ्यांना ते अजून सांगतात की त्या खिंडीचा उतारच वाईट.

शनिवारी आम्ही दोघी निघालो. सामान तिनं भरलं, मी तिनं सांगितलं तिथे उचलून ठेवलं. पन्नासच्या खाली, उताराला आधीच खालचा गिअर टाकून. काहीसुद्धा झालं नाही. काही झालं नाही की रस्त्यावर माणसं जमत नाहीत, त्यामुळे ते कुणी बघितलं नाही. रोह्याला वाडीच्या गेटवर मालक आला, जीपमध्ये वाकून बघितलं आणि मला विचारलं, "ड्रायव्हर कुठाय?"

"गेट उघडा," वहिनी म्हणाली, "मग दाखवते."

पत्रकांचा तो गठ्ठा मी वाटला नाही. सालं टाकायला संपला.

म्हणून ही मागणी. सरकारकडे नाही, ठेकेदाराकडे नाही, त्यांच्याकडच्या मागण्या वेगळ्या आणि पुष्कळ आहेत. ही तुमच्याकडे. तुमच्या घरातही कुणीतरी बाई गाडी चालवत असेल आणि सामान दुसराच कुणी भरत असेल. ती मधेच गाडी बाजूला घेऊन म्हणाली की सामान हलवा, तर घड्याळ दाखवू नका, तिला घाबरट म्हणू नका, टपरीवरच्या माणसाकडे बघून हसू नका. खाली उतरा आणि हलवा.