दाढेची तीन पानं

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि एका किडक्या दाढेनं मला पुन्हा पहिलीत बसवलं.

मागच्या खेपेला इंदापूरच्या दातांच्या दवाखान्यात नुसती सुई बघून मी असा ओरडलो, की बाहेर बसलेले तीन पेशंट पसार झाले. (एक तर दुसऱ्याच्या चपला घालून गेला!) डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी. हात जोडून म्हणाला, "सर, ओरडू नका. काय व्हतंय ते लिहून दाखवा."

लिहून? अहो, हे तर आपलं घरचं काम! परवा नवी कोरी वही घेऊन मी खुर्चीत आडवा झालो. शेजारी बायको, मोठ्यानं वाचून दाखवायला.

भुलेची सुई झाली. डॉक्टरनं चिमटा लावला आणि मला घाम फुटला. किडकी सोडून गडी शेजारच्या दाढेला भिडला होता! माझी एकुलती एक धड दाढ, जिच्या जिवावर मी अजून ऊस खातो! घाईघाईनं लिहिलं: "अरेरे!"

"अरेरे म्हणत्यात," बायकोनं बाजारभाव वाचावेत तसं वाचलं.

"व्हय सर, वाईट वाटतंच," म्हणत त्यानं जोर लावला.

मी लिहिलं: "अबब!"

"अबब. कशाचं तरी नवल वाटतंय त्यास्नी."

"बापरे! अगाई गं! मेलो मेलो!" पानं फाटायला आली, पण 'दुसरी दाढ' एवढे दोन शब्द काही केल्या हातातून उतरेनात. बायको वैतागली. "अवो, नीट लिवा की! नुसतं वहीत काय कण्हताय?"

दाढ करकरली. मग मी सरळ चावलो.

"आयायायाय गं!" ह्या वेळी ओरडला तो डॉक्टर. बाहेरची बाकडी पुन्हा रिकामी.

"किडकी ती पलीकडची हाय रे बाबा!" मी बधिर तोंडानं कसंबसं म्हणालो.

"मग सर, सांगायचं न्हाय व्हय?"

"तीन पानं सांगतोय की!"

त्यानं बोट चोळत वही चाळली. "ह्यात दाढ कुठं हाय, सर?"

मी वही मिटून बायकोच्या हातात दिली.

धड दाढ वाचली. किडकीही वाचली, कारण डॉक्टरच्या बोटाला पट्टी. आता बुधवारी परत बोलावलंय. वही बायकोनं जप्त केलीय. म्हणते, "तुमी काय बी लिवू नका. मीच पेनानं गालावर बाण काढून देते."

तेव्हा बुधवारी इंदापूरच्या बसमध्ये गालावर निळा बाण असलेला म्हातारा दिसला, तर ओळख दाखवू नका. माझे निम्मे विद्यार्थी त्याच बसनं जातात!