शेजारच्या आजोबांची स्नोमोबाइल

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या गराजमधली ती पिवळी स्नोमोबाइल कोणाची?" शनिवारी एक गृहस्थ ट्रेलर आणून ती घेऊन जाणार आहेत. त्याआधी तिच्या मालकाबद्दल लिहून ठेवते. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा.

"बसून काय होणार?" हे शेजारच्या आजोबांचं पालुपद. चहासुद्धा ते येरझाऱ्या घालत प्यायचे. मूळचे नागपूरचे, इथे विस्कॉन्सिनमध्ये कागदाच्या कारखान्यात इंजिनिअर होते. रिटायर झाले आणि पायाला भिंगरीच लागली. आमच्याकडे आले की आधी नळ गळतो का ते बघणार, मग दाराची बिजागरी. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती घरात असली की खुर्च्यांनाही स्वस्थता नसते.

बर्फावरून पळणारी ही गाडी त्यांनी जुनीच घेतली. धक्के झेलणारं मागचं सस्पेन्शन पार झिजलेलं होतं. शेजारच्या आजी एकदा मागे बसल्या, गल्लीच्या टोकाला उतरल्या आणि म्हणाल्या, "माझी पाठ गेली. तळ्यावर तुम्ही एकटेच जा."

एकट्यानं जायचं असतं तर आजोबांनी गाडी घेतलीच नसती. गोठलेल्या तळ्याच्या मध्यावर दोघांनी मिळून सूर्यास्त बघायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी गाडी दुरुस्तीसाठी गराजमध्ये सतरंजीवर आडवी केली.

"अहो, ती गणपतीची सतरंजी आहे!" आजी ओरडल्या.

"मग बरोबर आहे. हिचीही प्रतिष्ठापनाच चाललीय."

आतले बुश, म्हणजे दांड्याभोवतीच्या नळ्या, इतके झिजले होते की दांडा त्यात खुळखुळ्यासारखा वाजायचा. ते बदलले, बसलेल्या स्प्रिंगा बदलल्या, जिथे तिथे ग्रीस भरलं. रबरी पट्टा ज्या रुळांवरून सरकतो, त्यांना प्लास्टिकच्या नव्या पट्ट्या लावल्या. तोवर फेब्रुवारी सरत आला होता. "वहिनी, तळं काही माझ्यासाठी थांबणार नाही," ते मला दिवसातून दोनदा सांगायचे.

ट्रायलच्या दिवशी पहाटेच फावड्याचा आवाज. पाहुणे येणार म्हणून आपण अंगण झाडतो ना, तसा त्यांनी ड्राइव्हवे डांबर दिसेपर्यंत साफ केला, उरलासुरला बर्फ वितळावा म्हणून वर मीठही टाकलं. गाडी चार वेळा मागेपुढे केली आणि जळका वास सुटला. रुळांवरच्या त्या पट्ट्यांना बर्फच थंड ठेवतो. कोरड्या डांबरावर त्या वितळून चिकटल्या होत्या.

आजी खिडकीतून म्हणाल्या, "स्नोमोबाइलसाठी स्नोच काढून टाकलात का हो?"

आधी ते खो खो हसले. मग गाडी पुन्हा आडवी. नव्या पट्ट्या येईपर्यंत रोज तळ्याच्या काठी जाऊन बर्फाला भोक पाडून मासे पकडणाऱ्यांना बर्फ किती जाड आहे ते विचारायचे, परत यायचे, हवामान बघायचे, पुन्हा जायचे. त्यांच्याकडे बघून मलाच धाप लागायची.

मार्चमध्ये पुन्हा कडाक्याची थंडी पडली आणि ते दोघं निघाले. आजींनी जॅकेटवरून शाल घेतली होती. आजोबांनी गाडी इतकी हळू चालवली की पायी चालणारा पुढे गेला असता.

ते परत आल्यावर मी आजींना विचारलं, "पाठ कशी आहे?"

आजींनी मला बाजूला घेतलं. "पाठीला काही झालंच नव्हतं हो. मला त्या बर्फाची भीती वाटते. खाली पाणी असतं ना. भीती म्हटलं असतं, तर हे टेप घेऊन बर्फ मोजून दाखवत बसले असते. म्हणून पाठ सांगितली. तर यांनी गाडीच दुरुस्त केली!"

"मग आज कशा गेलात?"

"किती राबले ते. आता नाही कसं म्हणू?" शाल काढता काढता म्हणाल्या, "मध्यावर इंजिन बंद केलं आणि बसून राहिले. अंधार पडेपर्यंत. मी हात घट्ट धरला होता, त्यांना वाटलं थंडीनं."

गेल्या शरदात आजोबा गेले. हृदयविकारानं, अचानक. गाडी नजरेसमोर नको म्हणून आजींनी ती आमच्याकडे ठेवली, आणि आता त्यांनीच गिऱ्हाईक शोधलं.

या हिवाळ्यात संध्याकाळी आजी पायी तळ्यावर जातात. मी बरोबर असते. भीती अजून तशीच आहे, म्हणतात. जातात मात्र मध्यापर्यंत.