सीटखालची तार

मी गाव सोडलं त्या सकाळी अब्बांनी मला मिठी मारली नाही. जेट्टीवर एका नौकेचं इंजिन उघडून ठेवून ते तसेच घरी आले होते, हात कोपरापर्यंत काळे. माझा पांढरा शर्ट बघून दोन पावलं लांबच थांबले आणि म्हणाले, "मुश्ताकमामूचं ऐक. तिकडे आपलं माणूस म्हणजे तोच." अम्मी सुक्या सोड्यांची पिशवी तिसऱ्यांदा बांधत होती. वास बॅगेत उतरायला नको म्हणून.

रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या वाडीत कुणी गल्फला जाणं ही काही बातमी नव्हे. बातमी होती ती माझ्या कामाची. मुश्ताकमामू म्हणजे अम्मीचा चुलतभाऊ. दुबईतल्या एका मॉलमधल्या स्नो पार्कमध्ये तो सुपरवायझर होता आणि त्याने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "बर्फाचं काम आहे." सगळ्यांना वाटलं, मासळीला लागतो तोच बर्फ. शेजारच्या रुकय्याखाला म्हणाल्या, "बर्फ उचलायला दुबईला कशाला? जेट्टीवर काय कमी आहे?" सगळे हसले. मीही हसलो आणि गाडीत बसलो.

तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांनी असे पार्क पाहिले असतील, मुलांना घेऊन गेलाही असाल. बाहेर रस्त्यावर चप्पल चिकटावी असं ऊन, आणि काचेच्या दोन दारांपलीकडे कानटोपी घातलेली माणसं. मी तिथे एक मशीन चालवायचो. दोन सीटची, मागे छोटा हौदा असलेली चारचाकी, तिला सगळे बग्गी म्हणत. तिच्या तोंडाशी स्नोब्लोअर बसवलेला. कमरेइतकं उंच लाल तोंड, आत स्क्रूसारखी गोल फिरणारी पाती. पाती बर्फ ओढून मध्ये आणतात, मागचा पंखा तो उचलतो आणि वरच्या वाकड्या नळकांड्यातून, म्हणजे चुटमधून, लांब फेकतो. घसरायच्या मोठ्या उताराचं काम मोठी मशीन करायची. लहान मुलांच्या भागात गल्ल्या अरुंद, तिथे माझी बग्गी. पार्क उघडायच्या आधी सकाळी सहा ते दहा, शिळा बर्फ खरवडायचा, मागच्या दाराबाहेरच्या खड्ड्यात फेकायचा आणि त्याच्या जागी ताजा पसरायचा.

पहिला आठवडा मी हरखलेलो होतो. ब्लोअरमधून पांढरी कमान उडतेय आणि मी रुबाबात स्टिअरिंग धरून बसलोय, असा फोटो घरी पाठवला. अम्मीने तो सगळ्या वाडीला दाखवला.

त्या फोटोत जे दिसत नव्हतं ते पुढे मला रोज दिसायला लागलं. शिळा बर्फ पांढरा नसतो. त्यात च्युइंगगम असतं, केचप असतो, केसांचे पुंजके, नाक पुसलेले टिश्यू, कुणाचा तरी ओला मोजा. मुलं ओकतात, आई-बाप बुटाने त्यावर बर्फ सारून पुढे जातात. ब्लोअर ते सगळं गिळतो आणि फेकतो. एकदा लहान मुलाचं भरलेलं डायपर आत गेलं. पुढचं मी लिहीत नाही. त्या दिवशी मी तीनदा आंघोळ केली, तरी जेवताना हाताचा वास घेत होतो. आणि बाहेरचा खड्डा! आत उणे दोन, बाहेर पंचेचाळीस. अर्ध्या तासात त्या बर्फाचं राखाडी पाणी होई, वर फेस आणि फेसावर माशा. मी मासळीच्या वासात वाढलोय. जेट्टीवरच्या कुजक्या बांगड्याने मला कधी मळमळलं नाही. या खड्ड्याशी मात्र मी श्वास धरून उभा राहायचो. एवढी वीज, एवढं पाणी आणि त्याचं हे.

माझ्यासोबत दिलबहादूर होता. नेपाळच्या डोंगरातला, पन्नाशीला टेकलेला, कमी बोलणारा. दुबईच्या अल कुसैस भागातल्या रूमवर आमचे पलंग शेजारी. बग्गीच्या पुढे चालत तो बर्फातला कचरा वेचायचा, म्हणजे तो पात्यांत जाऊ नये. खरा बर्फ पाहिलेला आमच्यात तो एकटाच. पहिल्याच दिवशी त्याने मूठभर बर्फ उचलून वास घेतला आणि टाकून दिला. "ये बर्फ नहीं है भाई, ये फ्रिज का पसीना है." कंपनीच्या टोप्या कायम ओल्या आणि कुबट. म्हणून शुक्रवारी सुट्टीला तो लोकरीच्या टोप्या विणत बसायचा, एकेक करून रूममधल्या सहाही जणांना. माझी निळी होती.

आता त्या तारेचं सांगतो.

बग्गीच्या सीटखाली एक स्विच असतो. चालक उठला की इंजिन आपोआप बंद, म्हणजे पातीही बंद. बनवणाऱ्याने विचार करूनच तो बसवलेला असतो. पण दाराजवळचा बर्फ दमट, चुट सारखा तुंबायचा. नियम असा की इंजिन बंद करायचं, पाती थांबेपर्यंत वाट बघायची आणि काठीने चुट मोकळा करायचा, हात घालायचा नाही. प्रत्येक वेळी उतरलो की इंजिन बंद पडे आणि त्या थंडीत पुन्हा चालू व्हायला नखरे करी. काम दहाच्या पुढे जायला लागलं.

"बायपास कर ना तो स्विच," मामू म्हणाला. "मेकॅनिकचा मुलगा ना तू? एक तार जोडायची, खलास."

"मामू, सेफ्टीवाल्यांनी बघितलं तर?"

"सीटखाली कोण बघतंय? यल्ला, उरक."

वीतभर तार होती. पाच मिनिटांत जोडली. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटला होता. आता उतरण्याआधी पाती थांबवायचा दांडा आपणच ओढायचा, एवढंच लक्षात ठेवायचं होतं. सात-आठ महिने मी ते लक्षात ठेवलं.

त्या दिवशी दहा वाजता एका शाळेची मुलं येणार होती. नऊला चुट तुंबला. बर्फ इतका घट्ट बसला की आतला पंखाच अडकला, पातीही थांबली. समोर गल्लीत एक प्लॅस्टिकची घसरगाडी आडवी पडली होती, ती उचलायला मी उतरलो. दांडा ओढायचा राहिला. सीटवरून मी उठलो तेव्हा इंजिन बंद व्हायला हवं होतं. माझ्या तारेमुळे ते चालूच राहिलं. दिलबहादूरने पाहिलं, पाती थांबलेली, मी खाली. इंजिन तर आता रोजच चालू असायचं, त्याला वाटलं, नेहमीसारखा दांडा ओढूनच उतरलाय. काठी कुठे दिसेना. त्याने चुटमध्ये हात घातला. गोळा सुटला आणि पंखा फिरला.

तो ओरडला नाही. "ए भाई," एवढंच म्हणाला, लांबून हाक मारावी तसा. मी वळलो तर तो उजवा हात डाव्याने धरून उभा होता आणि त्याच्या पायाजवळचा बर्फ लाल होत होता.

उजव्या हाताची दोन बोटं गेली.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर मामू माझ्याजवळ आला. मला वाटलं, खांद्यावर हात ठेवेल. तो दबक्या आवाजात म्हणाला, "आधी ती तार काढ. आणि इथला बर्फ साफ कर, मुलं बाहेर लाइनीत उभी आहेत."

आणि मी केलं. यावर तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, कारण तेच मी स्वतःला म्हणत आलोय. तार काढून खिशात घातली. बग्गीत बसलो, तोच ब्लोअर चालू केला, लाल झालेला बर्फ ओढला आणि मागच्या दाराबाहेर खड्ड्यात फेकला. गुलाबी धार उडताना मी पाहिली. त्यावर ताजा पांढरा बर्फ पसरला. दहाला पाच मिनिटं कमी असताना दार उघडलं आणि मुलं किंचाळत आत आली. एक मुलगी नेमकी त्याच जागी बसली आणि बर्फाचे गोळे वळायला लागली. मी कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये ओकलो.

दुपारी ऑफिसात बोलावलं. इंग्रजीत टाइप केलेला कागद समोर. त्यात लिहिलं होतं की सीटचा स्विच व्यवस्थित चालू होता आणि कामगाराने नियम मोडून हात आत घातला. टेबलापलीकडच्या माणसांना मराठी कळत नव्हतं. मामू त्यांच्याकडे बघून हसरा चेहरा ठेवून माझ्याशी बोलत होता. "तुझ्या अम्मीला मी शब्द दिला होता, पोराला सांभाळीन म्हणून. सांभाळलं. आता तू मला सांभाळ."

मी सही केली.

रूमवर दिलबहादूरच्या उशाशी एक अर्धी टोपी पडलेली, सुया तशाच खुपसलेल्या. तिला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो.

"साइन किया?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"किया."

"क्या लिखा है?"

"लिखा है, स्विच चालू था. तूने रूल तोड़ा."

त्याने पाणी मागितलं. डाव्या हाताला सवय नव्हती, अर्धं पाणी छातीवर सांडलं. मी टॉवेलने पुसत असताना तो म्हणाला, "तेरी जगह मैं होता, मैं भी कर देता."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित निभावून नेलं असतं. माफ करणंही नव्हतं ते. माझ्याकडून त्याची अपेक्षाच तेवढी होती. आयुष्यात मी पुष्कळ घाण पाहिली, त्या खड्ड्याची तर रोज. पण त्या टॉवेलशी उभा असताना मला माझी जी किळस आली तिला तोड नव्हती.

दुसऱ्या सकाळी ड्यूटीवर न जाता मी सेफ्टी ऑफिसरच्या केबिनमध्ये गेलो. जॉय नावाची फिलिपिनो बाई होती, कडक. तिच्या टेबलावर तार ठेवली.

"व्हॉट इज धिस?"

"मॅडम, आय पुट. अंडर सीट. स्विच नॉट वर्किंग. पेपर इज लाय." माझं इंग्रजी तेव्हा एवढंच होतं.

तिने तार उचलून उलटसुलट बघितली. मग म्हणाली, "यू नो, यू विल लूज युवर जॉब?"

"यस, मॅडम." मग पुढचंही सांगितलं, तार जोडायला कुणी सांगितलं होतं ते.

कागद बदलला. दिलबहादूरच्या नावावरचा ठपका निघाला, कायद्याने त्याला मिळायचं ते मिळालं आणि तो कायमचा घरी गेला. जाताना त्याने ती अर्धी टोपी सोबत नेली. माझी नोकरी गेली. मामूची सुपरवायझरी गेली, त्याला स्टोअरमध्ये बसवलं. मी सामान भरत होतो तेव्हा तो अल कुसैसला आला. आत आला नाही. दारातूनच म्हणाला, "एका नेपाळ्यासाठी घरातलं माणूस विकलंस."

पुढे रायगडच्या एका ओळखीच्या माणसाने रास अल खैमाला, म्हणजे इथल्याच दुसऱ्या अमिरातीत, एका टाइल्सच्या कारखान्यात फोर्कलिफ्टच्या वर्कशॉपला लावून दिलं. तिथेच आहे. धूळ आहे, भट्टीची धग आहे, पण तिथे उन्हाळा उन्हाळ्यासारखा असतो. लग्न झालं, मग बायको आणि मुलगीही इकडे आल्या. मुलगी सना आता नऊ वर्षांची, मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते.

वाडीत मात्र मामूची गोष्ट माझ्या आधी पोहोचली. मामूची जागा मिळावी म्हणून मी तक्रार केली, अशी. त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आमच्या घरी आलं नाही. अम्मी फोनवर रडली, "तू माझं माहेर तोडलंस." अजूनही मी गेलो की तिचं हसू थोडं उशिरा येतं.

पहिल्या सुट्टीत अब्बांना जेट्टीवर गाठलं. ते इंजिनात डोकं घालून बसले होते. शेजारच्या तेलकट फळीवर बसून मी सगळं सांगितलं. मामूने काय करायला लावलं, मामू काय म्हणाला, मामू कसा निघाला. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी पाना खाली ठेवला नाही. मग विचारलं, "तार कुणी जोडली?"

"मी."

"दांडा कुणाचा राहिला?"

"माझा."

"मग आधी ते सांगत जा. मुश्ताकचं नंतर."

मला राग आला होता. शाबासकी मिळेल असं मनात धरून गेलो होतो, आता कबूल करतो. परतीच्या विमानात तो राग हळूहळू उतरला आणि त्याच्या जागी एक प्रकारची निश्चिंती आली. इकडे कुणी मला हिरो म्हणतं, कुणी गद्दार. कुणाचंच खरं नाही. खरं काय ते एकट्या अब्बांनी मला तोंडावर सांगितलं होतं.

गेल्या महिन्यात सनाच्या शाळेची सहल निघाली, स्नो पार्कला. तोच पार्क. "पापा, प्लीज! एव्हरीबडी इज गोइंग." मी सहीचा कागद हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. तिला नुसतं नाही म्हणता आलं असतं. मी तिला सोफ्यावर जवळ बसवलं आणि सांगितलं, आधी तारेचं, मग दांड्याचं आणि मग बाकीच्यांचं. शेवटी तिने विचारलं, "डिड यू से सॉरी टू हिम?"

"नाही, बेटा. बोलायचं राहूनच गेलं."

"देन कॉल हिम, ना."

फोन लावायला मला दोन दिवस लागले. लावला तेव्हा पलीकडे कोंबडा आरवत होता. दिलबहादूरने मला आवाजावरून ओळखलं. जे बोलायचं राहिलं होतं ते मी आधी बोललो. सना शेजारी बसून ऐकत होती. सहलीला जायचं की नाही हे मी तिच्यावरच सोडलं होतं, आणि ती गेली नाही.

गावाकडचे लोक विचारतात, आता घर कुठलं, इथलं की तिथलं? जेट्टीवर अब्बांच्या शेजारची ती तेलकट फळी आणि रास अल खैमातला आमचा हा सोफा, या दोनच जागी ही गोष्ट जशी घडली तशी माझ्या तोंडून निघाली, एकदा अब्बांनी विचारल्यावर, एकदा आपणहून. घर म्हणून मला आता त्याच आठवतात.