दसऱ्याचं कुंकू आणि सुनेचा गेम

"यावर घासणी कुणी मारली?" मी विचारलं.

"मीच," काकू म्हणाल्या. "कुंकू निघत नव्हतं रे."

दसऱ्याची दुपार होती. दादरला माझं गेमिंग कन्सोल रिपेअरिंगचं दुकान आहे. डिलाईल रोडच्या या काकूंनी सकाळी पूजेत नवऱ्याच्या गिरणीतल्या पान्याशेजारी सुनेचा कन्सोल मांडला होता. म्हणजे हातात धरून खेळायचा गेम. वर स्क्रीनच्या मधोमध ओलं हळदकुंकू.

"तिचा पहिलाच दसरा. तिचं काहीतरी पूजेत नको? सहाला ड्युटीवरून येईल. सासूने मुद्दाम केलं म्हणाली तर? आधीच आमचं बोलणं जेमतेम."

मी भाषण दिलं. स्क्रीन पुसायची ती बंद करून, कोरड्या मायक्रोफायबर कापडाने, हलक्या हाताने. पाणी नाही, स्प्रे नाही. घासणी हे तर हत्यारच. जरा जास्तच झाडलं.

नशिबाने वर टेम्पर्ड ग्लास होती, म्हणजे चिकटवलेली जादा काच. ओरखडे तिच्यावरच होते. ती काढली. खाली स्क्रीन स्वच्छ. तिथेच थांबायला हवं होतं. पण प्रोफेशनल माणूस नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. कन्सोल मायक्रोस्कोपखाली धरला. सगळीकडे पिवळसर झाक.

"हळद आत गेलीय, काकू. डिस्प्ले बदलावा लागेल. आज होणार नाही."

काकू मटकन स्टुलावर बसल्या. "आता मी तिका काय सांगू?"

मला वाईट वाटलं. निदान अचूक केल्याची थोडी ऐटही होती.

कन्सोल बाजूला घेतला, तर लेन्समधून खालचा कोरा पांढरा टिश्यूही पिवळा दिसला.

सकाळी दुकानात पूजा मीही केली होती. मायक्रोस्कोपला हळद लावताना बोट कुठे टेकलं, ते बघितलंच नव्हतं. लेन्स पुसून पुन्हा पाहिलं. स्क्रीन चकाचक.

काकूंना सांगावंच लागलं. त्यांनी लेन्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घासणी देऊ काय रे?"

नवी काच लावून कन्सोल साडेपाचला दिला.

दुसऱ्या दिवशी सून दुकानात आली. काकूंनी स्वतःच तिला सगळं सांगितलं होतं. मी माफीची तयारी केली.

"ती जुनी काच फेकलीत का?" तिने विचारलं. "आईंनी कुंकू लावलेली. मला हवीय."

कचऱ्याचा डबा उपसून दिली. कडेला कुंकू अजून होतं.

तेव्हापासून मी हळदकुंकू मायक्रोस्कोपच्या स्टँडला लावतो. आणि भाषण तपासणी झाल्यावर देतो.