मार्कांवर लागलेला बाऊल

हरणाऱ्या बाजूला न थकता चिकटून राहणं ही जर कला असेल, तर माझ्या मामेसासऱ्यांइतका थोर कलावंत निदान लंडनमध्ये तरी दुसरा नाही. माणसं पडत्या पक्षाला धरून राहतात, बुडत्या बँकेला धरून राहतात, पण ती चार-दोन वर्षं. आमचे मामा चाळीस वर्षं अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीमला धरून आहेत. ते कॉलेज मक्याच्या शेतांच्या मधोमध आहे. तिथल्या टीमबद्दल खुद्द त्या गावातले लोकसुद्धा चारचौघांत बोलत नाहीत. आमचे मामा मात्र लंडनच्या हॅरोमध्ये बसून, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या मशीनला जोडलेले असताना, मिळेल त्याला तिच्याबद्दल सांगतात.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याला माहीत असलेला नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण आणि दर दोन मिनिटांनी सगळ्यांनी थांबून विचार करायचा, असा तो खेळ. शेजारचा इंग्रज म्हातारा कुंपणावरून विचारतो, "फुटबॉल कसा चाललाय?" मामा म्हणतात, "हरलो." तो म्हणतो, "आम्हीपण." त्याचा क्लब दर दोन-तीन वर्षांनी खालच्या डिव्हिजनला ढकलला जातो. मामांना त्याचा हेवा वाटतो. "त्यांच्या हरण्याला निदान काही दिशा आहे," ते मला म्हणाले. "आमचे लोक आहेत तिथंच राहून हरतात."

टीम वाईट असण्याचा एकच फायदा, आणि तो मामांनीच मला समजावून सांगितला. चांगल्या टीमांच्या मॅचेस अमेरिकेत संध्याकाळी लावतात, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटते. वाईट टीमला तिथली सकाळची अकराची वेळ देऊन टाकतात, म्हणजे हॅरोत संध्याकाळचे पाच. मामांनी डायलिसिस युनिटमध्ये शनिवारची दुपार-संध्याकाळची पाळी मागून घेतली. ती पाळी कुणालाच नको असते, त्यामुळे लगेच मिळाली. हॉस्पिटलची मिनीबस त्यांना दारातून घेऊन जाते. मामा गळ्यात टीमचा जांभळा मफलर, मांडीवर टॅबलेट आणि दंडात सुया अशा थाटात आपल्या टीमचं पानिपत बघतात. तिथल्या केरळी नर्सनं एकदा तिसऱ्या क्वार्टरमध्ये टॅबलेटच काढून घेतला. "अंकल, तुमचं प्रेशर बघा. ही टीम तुम्हाला सूट होत नाही," ती म्हणाली. मामा म्हणाले, "सिस्टर, सूट होत असती तर चाळीस वर्षं टिकली नसती."

पण मॅचेस हे नुसतं निमित्त. मामांचा खरा जीव बाऊलमध्ये. त्याचं असं असतं, की हंगामात बारा मॅचेस. त्यातल्या सहा जिंकल्या की टीमला डिसेंबरच्या शेवटी कुठल्यातरी लांबच्या गावी एक जादा मॅच खेळायचं आमंत्रण येतं. तो बाऊल. असे बाऊल ढिगानं आहेत, प्रत्येकाचं गाव वेगळं, आणि कोणाला कुठलं गाव हे डिसेंबरच्या एका रविवारी कळतं. तोवर महिनाभर तमाम चाहते फक्त तर्क लढवतात. मला पहिल्यांदा हे कळेना, तेव्हा मामा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही लग्नं जमवताना बघितली आहेत ना? तसंच आहे. बाऊलवाले मुलगा कसा आहे हे बघत नाहीत. वऱ्हाडी किती येणार, हॉटेलात किती दिवस उतरणार, हे बघतात. आमच्याकडचं वऱ्हाड गरीब. त्यामुळे आम्हाला नेहमी उरलेलं स्थळ."

ऑक्टोबर लागला की मामांच्या फ्रिजवर तक्ता चढायचा. एकेक गाव, तिथली हवा, जवळचं डायलिसिस सेंटर आणि शेवटच्या रकान्यात मामांचा शेरा. डेट्रॉइटपुढे "थंडी. एकदा भोगली." एल पासोपुढे "धूळ." एका बाऊलला चक्क बटाट्याचं नाव आहे, त्याच्यापुढे लिहिलं होतं, "पोटॅशियम. डॉक्टर नको म्हणतात." फ्लोरिडातल्या टँपापुढे मात्र काहीच लिहिलेलं नसायचं, नुसती दुहेरी रेघ मारलेली असायची. टँपामध्ये रूममेट राहत होता.

रूममेट म्हणजे मामांचा मित्र, मूळ नागपूरचा. दोघं ऐन विशीत एम.एस. करायला त्या मक्याच्या कॉलेजात गेले आणि एकाच तळघरातल्या खोलीत राहिले. तिथला हीटर बंद पडला, म्हणून फुकटच्या तिकिटावर मॅच बघायला गेले. स्टेडियममध्ये खोलीपेक्षा जास्त थंडी होती. टीम इतकी मार खात होती, की अर्ध्या वेळात सगळे उठून गेले. या दोघांना खेळातलं काही कळत नव्हतं. मधेच उठून जाणं बरं दिसत नाही, असं समजून दोघं शेवटपर्यंत बसून राहिले. ती त्यांची दीक्षा. पुढे मामा नोकरीसाठी इंग्लंडला आले, रूममेट अमेरिकेतच राहिला. निरोप घेताना ठरलं, की टीमला बाऊल लागेल तेव्हा तिथं भेटायचं. टीमला चाळीस वर्षांत तीनदाच बाऊल लागला. म्हणून ते चाळीस वर्षांत तीनदाच भेटले. तिन्ही वेळा टीम हरली. रोजचा संसार करणारी दोन शहाणी माणसं केवळ ठरलंय म्हणून एरवी एकमेकांकडे जात नाहीत, हे मला वेडेपणाचं वाटायचं. अजूनही वाटतं.

दर रविवारी पाच वाजता फोन मात्र चुकायचा नाही. मी बऱ्याचदा समोर असायचो. स्पीकरवर पहिलं वाक्य ठरलेलं, "काय करून राहिला बे?" मग मामा तासभर गावं बदलत बसायचे. त्या एका तासात मामी गेल्याचा विषय कधी निघाला नाही, मामांच्या किडन्यांचा निघाला तो फक्त डायलिसिस सेंटर कुठल्या गावी जवळ या संदर्भात, आणि रूममेटला अर्धांगाचा झटका येऊन मुलीनं त्याला केअर होममध्ये ठेवलं, ते मला असं कळलं, "टँपाला लागला तर पोरगी व्हीलचेअरवरून आणते म्हणून राहिली. रॅम्प आहे तिथं."

परदेशी डायलिसिस करायचं तर कित्येक आठवडे आधी जागा धरावी लागते. युनिटमध्ये एक बाई फक्त हेच काम करते. मामा दरवर्षी सप्टेंबरात, टीमची पहिली मॅच व्हायच्या आधीच, तिला तीन गावांत जागा धरायला लावायचे आणि नोव्हेंबरात तिन्ही रद्द करायचे. मागच्या वर्षी त्यांनी फक्त टँपा धरलं. मी त्यांच्याबरोबर होतो तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "या डिसेंबरमध्ये तुम्ही विमानानं जाऊ शकता. पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही." मामांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "यंदा शेड्यूल सोपं आहे."

शेड्यूल कसलं सोपं! नोव्हेंबर संपला तेव्हा पाच जिंकल्या होत्या, सात हरल्या होत्या. शेवटची मॅच तर शेवटच्या मिनिटाला घालवली. मी सांत्वनाला फोन केला तर मामा भलतेच खुशीत. "अजून आशा आहे," ते म्हणाले. "सहा जिंकणाऱ्या टीमा यंदा कमी पडतायत. मग रिकाम्या जागा पाचवाल्यांना देतात. आणि त्या कशावर देतात, माहितीये?"

"कशावर?"

"मार्कांवर! कुठल्या कॉलेजचे खेळाडू अभ्यासात पुढे, त्यावर नंबर लावतात. जावईबापू, आपली पोरं मैदानात ढ असतील, पण पास होतात हो!"

मला वाटलं, मामांचं डोकं फिरलं. पण नियम खरोखरच तसा निघाला. त्या आठवड्यात मामांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मी आमच्या सोसायटीत दहावीच्या निकालाच्या दिवशी बघितलं होतं. आयुष्यभर ज्या खेळाचं कोडं सुटलं नव्हतं, त्यात अखेर आपल्या ओळखीची गोष्ट निघाली होती. डायलिसिसच्या खुर्चीवरून त्यांनी केरळी नर्सलाही यादी दाखवली. ती बिचारी मनापासून म्हणाली, "स्टडीज फर्स्ट, अंकल."

तो रविवार. मी आणि बायको मामांकडे. बायकोनं बटाटा न घालता पोहे केले होते. मामा मफलर घालून टीव्हीसमोर. एकेक गाव जाहीर होत होतं आणि मामा तक्त्यावर एकेक ओळ खोडत होते. साडेपाचच्या सुमाराला फोन वाजला आणि स्पीकर फुटेल इतक्या मोठ्यानं आवाज आला, "लागला बे! टँपा लागला!" झटक्यानंतर रूममेटची जीभ जड झाली होती, त्यामुळे 'टँपा' म्हणायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. मामा उठून उभे राहिले. काय करावं त्यांना सुचेना. पाणी मोजून प्यायचं असतं त्यांना, पण त्यांनी आख्खा कप चहा मागितला आणि बायकोनं तो दिला.

तो चहा संपायच्या आत टीव्हीखालच्या पट्टीवर बातमी आली. कॉलेजनं आमंत्रण नाकारलं होतं. हंगाम लांबला, मुलं दमली आहेत, कोच बदलतोय, आम्ही आभारपूर्वक नकार देतो. अशी टीम ती एकटीच नव्हती, त्या दिवशी आणखीही कोणी कोणी नाही म्हणत होतं. मामांनी फोनवर पूर्ण निवेदन उघडून दोनदा वाचलं. मग चष्मा काढला. "मार्क मिळवले," ते म्हणाले, "आणि ॲडमिशनच घेतली नाही."

मला त्या विशी-बाविशीतल्या पोरांचा अतोनात राग आला. नंतर वाटलं, त्यांना काय माहीत हॅरोतला म्हातारा. पण तेव्हा आला. मी म्हणालो, "मामा, मरू दे टीम. विमान आहे, डायलिसिसची जागा आहे, डॉक्टर हो म्हणाल्यात. तुम्ही असेच जा ना!"

"असाच?"

"मित्राला भेटायला. माणसं जातात."

मामा बराच वेळ मफलरची गाठ सोडवत होते. "मॅच असली की मॅचला गेलो," ते म्हणाले. "मॅच नसताना मी एवढ्या लांब त्याच्या खोलीत जाऊन उभा राहिलो, तर मी कशाला आलोय ते त्याला कळेल. मग मलाही कळेल. आणि दोघांना कळल्यावर, जावईबापू, तिथं बसून बोलायचं काय?"

मी आणखी जोर लावायला हवा होता. बायकोनंही लावायला हवा होता. आम्ही लावला नाही, कारण त्या क्षणी त्यांचं म्हणणं आम्हाला बरोबर वाटलं. तेवढ्यात रूममेटचा पुन्हा फोन आला. त्यालाही बातमी कळली होती. तोही 'असाच ये' म्हणाला नाही. इतकंच म्हणाला, "पुढच्या साली सहा जिंकतात बे."

"जिंकतात," मामा म्हणाले. "आपला क्वार्टरबॅक परत खेळायला येतोय."

सोमवारी त्यांनी टँपाची जागा रद्द केली. त्या जागा धरणाऱ्या बाईला सवय होती, तिनं नेहमीसारखं 'नेक्स्ट इयर' म्हटलं.

मार्चमध्ये रूममेट गेला. त्याच्या मुलीचा मेसेज आला, आणि त्यात मला त्याचं नाव पहिल्यांदा कळलं. इतक्या वर्षांत मामांनी ते कधी घेतलंच नव्हतं. मंगळवार होता. मामा मिनीबसनं युनिटला गेले, चार तास मशीनवर बसले, घरी आले. मी संध्याकाळी गेलो तर म्हणाले, "मार्च. टीमची स्प्रिंग प्रॅक्टिस सुरू झाली असेल." त्या रविवारी पाच वाजता ते फोन हातात धरून बसले होते, म्हणून बायकोनं स्वयंपाकघरात जाऊन तिथून त्यांना फोन लावला. तेव्हापासून रविवारचा पाचचा फोन आमच्याकडे आहे. त्यातलं आम्हाला काही कळत नाही, आम्ही फक्त टीमला नावं ठेवतो.

आणि या वर्षी त्या कार्ट्यांनी सात जिंकल्या. अगदी सरळ, मार्कांची गरज न पडता. मी, ज्यानं जन्मभर या प्रकाराची टिंगल केली, तो मी नोव्हेंबरभर मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत उभ्या उभ्या कोण कुठल्या गावी जाणार याचे अंदाज वाचत होतो. एका रविवारी मामांकडे गेलो, तर फ्रिजवर तक्ता नव्हता. नुसतेच चार लोहचुंबक होते.

"मामा, तर्क काय यंदा?" मी विचारलं. "काही जण मेम्फिस म्हणतायत, काही डेट्रॉइट."

"कुठंही चालेल," मामा म्हणाले.

चाळीस वर्षं गावं निवडणारा माणूस हे म्हणत होता. विमानाचा तर प्रश्नच नव्हता, डॉक्टरांनी ते सप्टेंबरातच स्पष्ट सांगितलं होतं.

डिसेंबरच्या त्या रविवारी आम्ही पुन्हा तिघं टीव्हीसमोर बसलो. मामांनी मफलर घातला होता, मी आग्रह केला म्हणून. गावं जाहीर होत गेली. मेम्फिस दुसऱ्याला गेलं, डेट्रॉइटही गेलं. मग आमच्या कॉलेजचं जांभळं चिन्ह पडद्यावर आलं आणि त्याच्या शेजारी टँपा. बायकोनं माझा हात धरला. पाच वाजून गेले होते आणि फोन टेबलावर पडला होता.

मामा पडद्याकडे बघत राहिले. मग नेहमीच्या आवाजात, एखाद्या पाहुण्याची सोय बघावी तसे म्हणाले, "त्याला जवळ पडलं असतं."