मोटारीच्या पुढे सायकल

मध्य भारत राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या घरात कॉलेज पास झालेला मी पहिला, आणि परदेशीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत मोटार आणणाराही मीच. एका सरदारांच्या तबेल्यात सडत पडलेली जुनी मोटार होती ती. तिला चालती केली एका मेकॅनिकनं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. नाव मी कधी विचारलंच नाही.

त्यांची एक रीत होती. दुरुस्त केलेली मोटार पहिल्यांदा रस्त्यावर निघाली की ते तिच्यापुढे सायकल चालवत. मला भिया, म्हणजे भाऊ, म्हणून हाक मारत सांगायचे, "माझ्या ब्रेकवर माझाच भरोसा नसला, तर भिया, तुमचा कुठून येणार?"

तसेच आम्ही शहराबाहेरच्या खजराना गावाला निघालो. उतारावर मी ब्रेक दाबला, पण मोटार थांबेना. समोर उस्तादांची पाठ जवळ जवळ येऊ लागली. मी किंचाळलो. सायकलीसकट बाजूला उडी टाकत ते ओरडले, "खेतात घाला, खेतात!"

नांगरलेल्या शेतात मोटार रुतून थांबली. उस्तादांनी चाक काढलं, आत बोट फिरवून हुंगलं.

"तेल कोणी टाकलं?"

"मीच. ब्रेक फार करकरत होता म्हणून."

ते ढेकळांवर बसून पोट धरून हसले. "वा रे पढे-लिखे भिया! मग ब्रेक घासणार कसा अन् मोटार थांबणार कशी?" मलाही हसू आवरेना.

त्यांनी पेट्रोलनं तेल धुऊन काढलं. आम्ही ढकलून मोटार रस्त्यावर आणली.

"उस्ताद, आता माझ्या शेजारी बसा," मी म्हणालो.

ते सायकलवर चढले आणि पुन्हा पुढे झाले. खजराना येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पदवी घेतानाही माझी छाती इतकी फुगली नव्हती.