म्हशीनं फोडलेली चारी

सही सोमवारी करायची होती आणि शनिवारी सकाळीच मी घर सोडलं. आमच्या चारीला, म्हणजे मोठ्या कालव्यातून गावाकडे येणाऱ्या पाटाला, आतून सिमेंट करायचं घाटत होतं. गावानं मला पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष केलेलं, त्यामुळे अर्ज माझ्या सहीनं जाणार. माझं रान चारीच्या अगदी शेवटाला. उन्हाळी पाळीत वरच्यांचं भिजून होतं, माझ्यापर्यंत नुसती ओल येते. सिमेंट झालं की माती पाणी पिणार नाही, माझा ऊस जगेल. तरी हात पुढे होईना. चारीच्या कडेला गावाची पिण्याची विहीर आहे. तिला पाझर याच चारीच्या मातीतून येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. कन्हेरीच्या बाजूला एका वस्तीनं पाच वर्षांपूर्वी असं काम केल्याचं कानावर होतं. म्हटलं, डोळ्यांनी पाहून येऊ.

इंदापूरहून बारामतीला थेट एसटी आहे. ती माझी चुकली आणि स्टँडवर बसून राहवेना, म्हणून भिगवणमार्गे निघालो. तुम्ही असं करू नका. भिगवणला पुढच्या गाडीसाठी बराच वेळ उन्हात येरझाऱ्या घातल्या. उजनी धरणाच्या फुगवट्यावरून मासळीच्या पाट्या येत होत्या.

"पाहुणं, रस्सा-भाकरी?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"आज शनिवार. मारुतीचा वार."

"मारुतीला न्हाय, तुमाला इचारतोय," तो हसला आणि भज्यांची बशी पुढे सरकवली. भजी झकास होती, चहा दुप्पट गोड. धरण बांधलं शेतीसाठी, आणि इथं कितीतरी घरांची चूल मासळीवर पेटते, हे बघत मी चहा अर्धाच सोडून उठलो.

बारामतीच्या अलीकडे जळोचीपाशी एसटी थांबली. एक गवंडी टाकीतलं पाणी नव्या भिंतीवर मारत होता. पाणी कालव्याचंच. आमच्या पाणी अर्जात पीक कोणतं, क्षेत्र किती एवढंच विचारतात. भिंत, म्हैस, धुणं यांना तिथे रकाना नाही. बारामतीच्या स्टँडवर एसटीडी बूथ दिसला. आमच्या पाणी संस्थेच्या ऑफिसात फोन लावला, तिकडून "हॅलो" आलं आणि अजून काही पाहिलंच नव्हतं म्हणून ठेवून दिला.

कन्हेरीला वडापची जीप मिळते. माणसं कोंबल्याशिवाय हलत नाही, तेव्हा पुढची जागा धरा. उतरून वस्तीपर्यंत चालत जावं लागतं. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच.

चारी पाहिली आणि जीव हरखला. गुळगुळीत सिमेंट, पाणी पळत होतं. मी काठाकाठानं भराभर चालत सुटलो. पुढे एका विहिरीच्या वरच्या अंगाला सिमेंटचा तळच गायब. पन्नासेक पावलं नुसती माती, त्यात म्हशी डुंबत होत्या, खाली दोन बायका धुणं आपटत होत्या. काठावर सत्तरीचे एक गृहस्थ बसलेले. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, यांनी शेती धरली. सगळे त्यांना तात्या म्हणत.

"इथलं काम राहिलं का, तात्या?"

"ऱ्हायलं न्हाय. म्हशीनं फोडलं."

धुणाऱ्या बायकांतली एक खुदकन हसली. "म्हशीच्या हातात पहार व्हती जणू!"

"सूनबाई, पाहुण्यासमोर तरी गप ऱ्हावा की," तात्या म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमचं रान कुठं, वर का खाली?"

"शेवटाला."

"माझं बी शेवटालाच. सिमेंट मीच मागितलं, दारोदार फिरून. पैल्या साली ऊस असा आला म्हणता! दुसऱ्या उन्हाळ्यात हिरीचा तळ दिसला. ही सून पोटुशी, डोक्यावर हंडा घेऊन कन्हेरीपातुर जायची. आठ दिस बगितलं. नवव्या दिवशी पहार घेतली."

"आणि ऊस?"

"शेवटचं चार वाफं वाळत्यात. दर साली वाळत्यात. तुमी सही करनार हाय का?"

मी त्यांच्या शेजारी टेकलो. त्यांनी आग्रहानं पिठलं-भाकरी वाढली. घास गिळताना पाणी मागितलं, ते त्याच विहिरीचं होतं.

सोमवारी मारुतीच्या देवळात बैठक भरली. मी हात जोडून बसलो आणि सांगितलं, सिमेंट करू, पण विहिरीच्या वरची शंभर पावलं माती ठेवू. तसं लिहा, मग सही. माझा शेजारी दत्तू उसळला, त्याचंही रान शेवटाला.

"आबा, तुमी काम बघाया गेला व्हता, का आमच्या उसावर नांगर घालाया?"

"माझाही ऊस तिथंच आहे, दत्तू."

"तुमचा तुमी वाळवा!" म्हणून तो उठून गेला. अर्ज मी म्हटल्याप्रमाणे गेला. दत्तू अजून रामराम घेत नाही.

बरोबर केलं का, ते सांगता येत नाही. काम झाल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात पाणी माझ्या बांधाला लागलं खरं, पण निम्म्या रानात शिरून थांबलं. त्याच आठवड्यात बायको विहिरीवरून आली, घागर उतरवली आणि म्हणाली, "आज दोर निम्माच सोडावा लागला, पाणी वर आहे." मी "बरं" म्हटलं, विळा घेतला, आणि वाळायला लागलेला ऊस बैलांच्या वैरणीसाठी तोडायला निघालो.